नावेतली पुढची जागा

सोमवार, २ मार्च
पीटीचे सर खेळाच्या खोलीत शिडीवरून पडले. पाय मोडला. फार वाईट झालं. त्यामुळे नववीच्या मुलांना कनू म्हणतात त्या वल्ह्याच्या नावांतून नदीवर नेण्याची चार दिवसांची सहल पोरकी झाली. हेडबाईंनी स्टाफरूममध्ये विचारलं, कोण नेईल. गणिताचे सर लगेच टेबलाखाली पेन शोधू लागले. ते त्यांच्या खिशातच होतं.

मी हात वर केला. कोणी म्हणेल, पंखा कमी करा हे सांगायला केला होता. सुरुवात तशी झालीही असेल. पण वर गेलेला हात खाली घेणाऱ्यांतला मी नाही.

पोहता येतं ना, असं हेडबाईंनी विचारलं. मी म्हणालो, वीस वर्षं भूगोल शिकवतोय, पाण्याशी माझं नातं जुनं आहे. त्यांचं समाधान झालं. उत्तरात खोटं काही नव्हतं.

घरी हिला सांगितलं. ही इतकी हसली की गॅस बारीक करावा लागला. मग तिने त्या हॉटेलातल्या पोहण्याच्या तलावाची आठवण काढली, जिथे मी म्हणे अख्खी सकाळ पायऱ्यांवर दांडा धरून उभा होतो. त्या दिवशी सगळ्यांचे टॉवेल कोण सांभाळत होतं, हे ही सोयीने विसरते.

शाळेतून येतानाच नवी वही घेतली होती. चांगला नेता रोज टिपणं ठेवतो. ही फक्त माझ्यासाठी आहे.

गुरुवार, ५ मार्च
कन्येला कळलं. ती नववीतच आहे, म्हणजे सहलीला असणारच. दर रविवारी ती कनूच्या क्लबला जाते. दोन वर्षं मीच सोडतो आणि मीच आणतो. गाडी नेहमी पाण्याकडे पाठ करून लावतो. पेपर तपासायला उजेड त्या बाजूने चांगला येतो.

तिने एवढंच विचारलं की नक्की ठरलंय का. मी म्हणालो, पक्कं. ती बरं म्हणाली आणि खोलीचं दार हळूच लावून घेतलं. आपटलं असतं तर जरा बरं वाटलं असतं.

ती दुसरीत असताना मी तिला नकाशे काढून द्यायचो. ती पुस्तकाशेजारी ठेवून बोट फिरवायची आणि मग मोठ्या माणसासारखी मान हलवून म्हणायची, हां बाबा, हे बरोबर. बुटाची नाडी, अपूर्णांक, सायकलची चेन, सगळ्याला शेवटी तिचा हा शिक्का लागायचा. हल्ली दुसरंच वाक्य असतं. बाबा, तसं नसतं. फोनच्या बाबतीत तसं नसतं, कांदा चिरण्याच्या बाबतीत तसं नसतं, लिफ्टचं बटण दाबण्याच्या बाबतीतसुद्धा.

मला कौतुक वगैरे नको आहे. ते वय गेलं. फक्त एकदा तिने ते जुनं वाक्य म्हणावं. चार दिवसांत एक तरी प्रसंग येईलच.

ठराव: सहलीत पक्षपात अजिबात नाही. ती मला सर म्हणेल. हे तिला सांगितलं तर तिने इतक्या पटकन होकार दिला की मला बाकीची कारणं सांगताच आली नाहीत.

शनिवार, १४ मार्च
तयारी जोरात.

कनूबद्दल वाचून काढलं. दोन माणसांची लांबट, निमुळती नाव. दोन्ही टोकं सारखी दिसत असल्यामुळे नवख्यांचा पुढे-मागे गोंधळ होतो. माझा झाला नाही. जिकडे तोंड, ते पुढे. मागच्या बाजूबद्दलही काही मजकूर होता. नेत्याला त्याचा उपयोग नाही म्हणून तेवढी पानं सोडली.

सकाळी धावायला सुरुवात केली. कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथे एक कुत्रा होता. येताना वेग बराच सुधारला. रोज एवढंच करायचं ठरवलं आहे, कुत्र्याची वेळ टाळून.

श्वास रोखण्याचा सराव बादलीत. पाणी गार होतं म्हणून कोमट केलं. कोमट पाण्यात तोंड घातलं की सर्दी होते असं कुठेतरी वाचल्याचं आठवलं. मग बादली हिच्या फरशी पुसण्याच्या कामी आली. वाया काही गेलं नाही.

रविवार, २९ मार्च
हॉलमध्ये तंबू उभारून पाहिला. उभा छान राहिला, फक्त मी आत आणि दाराची चेन बाहेरून अडकलेली. हीच बाहेर होती. तिने दूधवाल्याशी बोलणं पुरं केलं, त्याला सुट्टे दिले, मग उघडलं. संकटात डोकं शांत कसं ठेवायचं याचा मला आयताच सराव झाला.

सोबत लायब्ररीच्या बाई येणार आहेत. वयाने मला थोरल्या. या सहलीला चार वेळा जाऊन आल्यात. अनुभवी माणसं कधी कधी नव्या विचारांच्या आड येतात. लक्ष ठेवायला हवं.

धावणं तात्पुरतं थांबवलं आहे. ऐन वेळी गुडघा दुखायला नको.

गुरुवार, ९ एप्रिल
निघालो. आठ विद्यार्थी, बाई आणि मी. पाच नावा. नदी दोन्ही बाजूंनी झाडीतून जाते, माणूस नावाला नाही. लाइफ जॅकेट मी बसमध्येच चढवलं होतं. इतरांना शिस्त लागावी म्हणून.

पाण्यात उतरताना बाईंनी विचारलं, सर, तुम्ही पुढे बसणार की मागे. हा काय प्रश्न झाला. नेता पुढेच बसणार. बाईंनी कन्येकडे पाहिलं, कन्येने पाण्याकडे पाहिलं. मग बाई म्हणाल्या, हो, तेच बरं. पहिल्याच दिवशी त्यांना माझं म्हणणं पटलं, हे चांगलं झालं.

माझ्या मागे लंबूला बसवलं. वर्गातला सगळ्यात उंच आणि दणकट मुलगा. मी पुढून सूचना देत होतो. डावीकडे म्हणालो की नाव डावीकडे. सरळ म्हणालो की सरळ. काही वेळा मी सूचना द्यायला विसरलो, तरी नाव योग्य तिकडेच गेली. एकदा मी उजवीकडे म्हणालो आणि ती डावीकडे वळली. उजवीकडे खडक होता. म्हणजे माझ्या मनात डावीकडेच असणार. हाताला ते आधी कळलं.

वल्हवणं हा प्रकार लोक उगाच अवघड करून सांगतात.

मुक्कामावर लंबू दोन्ही खांदे धरून पालथा पडला होता. उंच मुलांची तब्येत दिसते तशी नसते. मी त्याला सकाळी धावण्याचं महत्त्व सांगितलं.

खाण्याच्या पिशव्या प्राण्यांपासून सांभाळायला झाडाला टांगायच्या असतात. ते काम मी स्वतःकडे घेतलं.

शुक्रवार, १० एप्रिल
ब्रेडची पिशवी गेली. सूपची, बटाट्यांची जागच्या जागी. ब्रेडच्या पिशवीवर मी मोठ्या अक्षरात ब्रेड लिहिलं होतं. पुढच्या वेळी लिहायचं नाही. बाई म्हणाल्या की पिशवी कमरेच्या उंचीवर होती. असेल. प्राणी किती उंचीचा आहे हे आधी कोणाला माहीत असतं.

आज एक गोष्ट पाहून मन भरून आलं. सकाळी मुलं काठावर ओळीने उभी राहून पाण्यावर चपटे दगड फेकत होती. टप्पे खात दगड लांब जातात, तो खेळ. प्रश्नचिन्हाला विचारलं, हे कशासाठी. हा मुलगा दिवसभर प्रश्न विचारतो म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. स्वतःला प्रश्न विचारला की मात्र गोंधळतो. तो अडखळत म्हणाला की तुमच्या नावेत कोणी बसायचं ते ठरवतोय.

माझ्या नावेसाठी स्पर्धा. मी तोंड धुण्याच्या निमित्ताने बाजूला गेलो.

नियम जरा उलटे दिसले. ज्याचा दगड सगळ्यात आधी बुडतो, तो माझ्या नावेत. हल्लीच्या खेळांचं असंच असतं. कन्येचा दगड सगळ्यात लांब गेला, सात-आठ टप्पे घेऊन. मनगट कसं वळवायचं ते मीच शिकवलेलं. त्यामुळे ती आज माझ्या नावेत येऊ शकली नाही. बिचारी. प्रश्नचिन्ह जिंकला. बाकीच्यांनी त्याच्या पाठीवर थोपटलं. तो मात्र गंभीर झाला, जबाबदारीने माणूस होतो तसा.

दिवसभर मागून प्रश्न. सर, तुम्ही वल्हं हवेत का मारता. सर, सगळं पाणी माझ्याच अंगावर का येतं. सर, तुम्ही डोळे मिटलेत का. मी म्हणालो, प्रवाहाचा आवाज ऐकतोय.

दुपारी धबधब्यापाशी नावा डोक्यावर घेऊन जंगलातून पलीकडे जायचं होतं. वाट दाखवायला मी मोकळ्या हातांनी पुढे झालो. अर्ध्या-पाऊण तासाने नदी लागली. पलीकडचीच आहे असं मी जाहीर करणार होतो, तेवढ्यात धबधब्यापाशी जेवणासाठी मांडलेली आमचीच चूल दिसली. तिच्यावर बाईंनी चहा ठेवला होता. मुलं नावांवर बसून पीत होती. माझ्या मागे कोणीच आलं नव्हतं. होकायंत्राशिवाय बरोब्बर निघाल्या जागी परत येणं सगळ्यांना जमत नाही. कन्येला हे सांगायचं होतं, पण ती कपाळावर हात ठेवून बसली होती. ऊन लागलं असावं.

शनिवार, ११ एप्रिल
आज मोठं सरोवर ओलांडायचं होतं. पलीकडचा काठ रेघेएवढा. सकाळपासून वारा.

दगडांचा खेळ झाला. कन्येचा नंबर आला तेव्हा तिने दगड फेकलाच नाही. हात पुढे करून नुसता सोडला. पायाशीच डुबुक. मला वाईट वाटलं, एका रात्रीत मनगट गेलं पोरीचं. पण त्यामुळे आज ती माझ्या नावेत. लंबूने तिच्याशी हात मिळवला. बाईंनी तिच्या जॅकेटचे पट्टे पाहिले आणि मग माझे दोनदा पाहिले. मी गुडघे टेकून बसावं, असं कन्येने सुचवलं. सर, म्हणाली. नियम पाळते.

मध्यावर पोचलो तेव्हा चारी बाजूंनी पाणीच होतं. लाटा नावेच्या कडेशी येऊन आत डोकावत होत्या. मला भीती वाटली. इथे लिहायला हरकत नाही. वल्हं हातात होतं पण हात कोणाचे आहेत ते कळेना. मागे वळून तिच्याकडे पाहावंसं वाटत होतं आणि वळलो तर नाव कलंडेल अशीही भीती वाटत होती.

तेवढ्यात मागून तिने विचारलं, सर, जगातली मोठी सरोवरं सांगा, मोठ्यापासून लहानापर्यंत. मी सांगू लागलो. मग तिने खोली विचारली. मग खारं कोणतं, गोडं कोणतं. मग सरोवर तयार कसं होतं. हिमनदीपर्यंत आलो आणि नावेचं नाक वाळूला लागलं. अर्धं शिकवायचं राहून गेलं.

दोन निष्कर्ष. एक, तिची भूगोलाची आवड जागी झाली आहे. दोन, एवढ्या वाऱ्यात नाव सुतासारखी सरळ आली, म्हणजे माझा हात आता बसला आहे.

आता म्हणेल ते वाक्य, म्हणून मी जरा रेंगाळलो. ती म्हणाली, सर, उतरताना आधी वल्हं खाली ठेवा. तिचे तळहात सोलवटले होते. मी विचारलं तर म्हणाली, काही नाही.

रविवार, १२ एप्रिल
सविस्तर लिहायची इच्छा नाही. पण नोंद हवी.

सकाळी चहा पिताना बाई लंबूला काहीतरी समजावत होत्या. बोलता बोलता म्हणाल्या की नाव वळवतो तो मागचा, पुढच्याने नुसतं ओढायचं. मी ऐकलं. म्हणजे तीन दिवस मी हे काम पुढून करत होतो. ते तर जास्तच कठीण. मग मागून किती सोपं जाईल.

मी जाहीर केलं की शेवटच्या टप्प्यात मी मागे बसणार. कन्या चटकन म्हणाली, नको. सर म्हणायलाही विसरली. मी म्हणालो, इथे निर्णय सर घेतात. तिने जॅकेटचे पट्टे आवळले आणि जाऊन दुसऱ्या नावेत बसली. आज दगड कोणी फेकले नाहीत. प्रश्नचिन्ह नावेत माझ्या पुढे येऊन बसला, कारण तो बूट घालत होता आणि बाकीचे आधीच पसार झाले होते.

नाव डावीकडे गेली. मी उजवीकडे म्हणालो. ती आणखी डावीकडे गेली. मग तिने पूर्ण चक्कर मारली. पाणी आरशासारखं होतं, पण खालून काहीतरी प्रवाह असावा. प्रश्नचिन्हाने विचारलं, सर, हे झाड आपण आधी पाहिलंय का. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी ओळखीचं झाड म्हणून त्याला हात केला. मग आम्ही लव्हाळ्यात शिरलो. बाईंनी दोर टाकला. धक्क्याच्या अलीकडे मी तो सोडायला लावला, कारण समोर हेडबाई, पालक आणि ही असे सगळे उभे होते. दोराने ओढत आणलेला नेता बरा दिसत नाही.

हात करायला मी उभा राहिलो. कनूत उभं राहायचं नसतं. ते सोडलेल्या पानांत असावं.

पाण्यात पडलो. नाकातोंडात पाणी. मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. ही सांगते, पण ते मी लिहिणार नाही. दुसऱ्या एका नावेतून धपकन आवाज आला आणि बाबा, बाबा अशी हाक आली. कन्या बूट-कपड्यांसकट उडी टाकून आली होती. तिने माझी कॉलर धरली.

मग प्रश्नचिन्हाचा आवाज आला. तो नाव धरून शेजारीच होता. सर, तुम्ही उभे का राहत नाही.

उभा राहिलो. पाणी गुडघ्याएवढं होतं.

पालकांपैकी कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. माझ्या मते चार दिवसांच्या एकूण कामाबद्दल.

सरऐवजी बाबा म्हटल्याबद्दल कन्येवर कारवाई करायची नाही असं ठरवलं आहे.

सोमवार, १३ एप्रिल
सर्दी. तरी शाळेत गेलो. हेडबाईंनी आभार मानले आणि म्हणाल्या, पीटीच्या सरांचं प्लॅस्टर लवकर निघतंय, पुढच्या वर्षीची काळजी नको. मी काळजी व्यक्त केलीच नव्हती.

नववीचा तास. फळ्यावर नदी काढत होतो. प्रश्नचिन्हाने हात वर केला. सर, जो हरेल तो तुमच्या नावेत असं ठरलं होतं ना, मग ही तर दगडात कधीच हरत नाही, शनिवारी मुद्दाम का हरली.

लंबू त्याला बाकाखालून लाथ मारत होता. कन्या वहीत बघत होती. मी नदी काढतच राहिलो. ती समुद्राला मिळून पलीकडे गेली, फळा संपला, तरी माझा खडू भिंतीवर चालू होता.

जो हरेल तो.

गाडीत दोघंच होतो. मी म्हणालो, माझ्या तंत्रात काही त्रुटी असतील तर सांग. तिने आधी काच वर केली. मग म्हणाली, तुला पोहता येत नाही हे मला दुसरीत असल्यापासून माहीत आहे, बाबा. रविवारी तू गाडी पाण्याकडे पाठ करून का लावतोस तेही माहीत आहे. सरोवरावर सगळा वेळ मी तुझ्या मानेकडे बघत होते. पुढे कधी बघितलंच नाही. मग ती रडली. मी गाडी बाजूला घेतली.

मला वाटलं होतं ती माझ्यामुळे लाजते. ती घाबरलेली होती. चार दिवस, आणि माझ्यासाठी. मला फार वाईट वाटलं आणि त्यातच इतकं बरंही वाटलं की काय करावं कळेना. मी तिला रुमाल दिला. तो कालचाच ओला होता.

ती म्हणाली, एक कबूल कर. मी म्हणालो, काहीही. नीट विचारून घ्यायला हवं होतं.

रविवार, २६ एप्रिल
तरणतलाव, सकाळची नवशिक्यांची बॅच. विद्यार्थी बारा. अकरा जण सहा-सात वर्षांचे आहेत. सगळ्यांच्या दंडांना नारिंगी फुगे. माझ्या मापाचे नव्हते, म्हणून मला थर्माकोलची पाटी दिली आहे. तिच्यावर बदकाचं चित्र आहे.

कन्या शिक्षकांची मदतनीस म्हणून उभी होती. शिटी तिच्याकडे. तिने ओळ करायला सांगितली तेव्हा मी सवयीने पुढे जाऊन उभा राहिलो. तिने बोटानेच खूण केली. मी मागे गेलो. उंचीप्रमाणे.

आजचा पाठ: दांडा धरायचा, तोंड पाण्यात घालायचं आणि बुडबुडे काढायचे. माझ्या शेजारच्या मुलीला पहिल्याच वेळी जमलं. तिने मला धीर दिला, घाबरू नको काका, पाणी चावत नाही. पाणी गार होतं. बादली आठवली. पहिल्यांदा कपाळच भिजवलं. दुसऱ्यांदा हनुवटी. तिसऱ्यांदा डोळे घट्ट मिटले आणि घातलं तोंड.

निघाले. थोडेच निघाले, पण निघाले.

वर आलो तर कन्या काठावर उकिडवी बसून बघत होती. तिने मान हलवली, अगदी मोठ्या माणसासारखी, आणि म्हणाली, हां बाबा, हे बरोबर.

पुढच्या रविवारी पाय हलवायचे आहेत.